बिनबोभाट पेटी

२ सप्टेंबर

मुख्याध्यापिकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, आज मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं. मला वाटलं, वाचनालयाच्या नव्या कपाटांना मंजुरी आली. मापं लिहिलेला कागद घेऊन जवळजवळ नाचतच गेले आणि तोच कागद घामेजल्या मुठीत चुरगळून परत आले.

"वाचनालयात येतं कोण हल्ली?" बाई म्हणाल्या. "संचालक विचारतायत, एवढी उजेडाची खोली कपाटांनी कशाला अडवायची? वर्षअखेरीला तिथे संगणकांची दुसरी खोली करू म्हणतात. मी म्हटलं, जरा थांबा. तुम्ही असं करा, वाचनालयाचं एक पान काढा सोशल मीडियावर. फोटो टाका, व्हिडिओ टाका. लोक बघतायत एवढं मला दाखवा, मग मी भांडते तुमच्यासाठी."

मी चोपन्न वर्षांची आहे. लग्नाच्या फोटोतसुद्धा मी कॅमेरा सोडून भलतीकडे बघतेय. तरी "जमेल की" म्हणून मोकळी झाले आणि दाराबाहेर आल्यावर जीभ चावली.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "मग आता तुझी सही घ्यायला दारात रांग लागणार." मी म्हटलं, आधी तुम्ही रांगेत या आणि भांडी विसळा.

गेल्या वर्षी एका प्रकाशकाच्या माणसाने ही डायरी फुकट दिली होती. कोरीच पडली होती. आता हिच्यात लिहीन म्हणते, कारण या असल्या धास्तीच्या गोष्टी शिक्षकांच्या खोलीत बोलून दाखवायची सोय नाही.

६ सप्टेंबर

लेक दुसऱ्या गावी नोकरीला. तिने फोनवरूनच सगळं काढून दिलं. "आई, फोन आडवा नाही, उभा धर. आणि प्लीज, 'विद्यार्थी मित्रहो' म्हणू नकोस."

पहिला व्हिडिओ विश्वकोशाच्या नव्या खंडांचा. फोन नकाशांच्या पुस्तकांच्या थप्पीला टेकवून ठेवला. नंतर बघितला आणि लाजेने मान खाली गेली. माझा आवाज कायम सर्दी झाल्यासारखा आहे, हे इतक्या वर्षांत मला एकानेही सांगितलं नाही. शिवाय हनुवटीखाली दुसरी हनुवटी.

तिघांना आवडला. लेक, हे आणि कोणी एक पडदे विकणारा माणूस. यांनी खाली लिहिलं, "छान." नंतर कळलं, हे सगळीकडेच "छान" लिहितात. एकांच्या वडिलांच्या निधनाच्या बातमीखालीही यांनी "छान" लिहून ठेवलंय. ते काढायला लावलं.

१२ सप्टेंबर

पुस्तकांच्या फोटोंना कुत्रं विचारत नाही. आज जरा वेळ मिळाला म्हणून बिनबोभाट पेटी रिकामी केली.

ही पेटी माझी. वाचनालयाच्या दाराबाहेर ठेवलेली, वर फट असलेली साधी लाकडी पेटी. त्यावर मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलंय: "पुस्तक फाटलं, भिजलं, डागाळलं असेल तर इथे टाका. कुणी काही विचारणार नाही." पूर्वी मुलं खराब झालेलं पुस्तक घरी दडवून ठेवायची आणि ओरडा बसेल म्हणून वाचनालयात पाऊल टाकायची नाहीत. एका पुस्तकापायी वाचक जायचा. पेटी ठेवली तेव्हापासून पुस्तकंही येतात आणि मुलंही. मी खळ लावते, कापडी पट्टी चिकटवते, वजनाखाली ठेवते आणि पुस्तक पुन्हा फळीवर. दंड नाही, चौकशी नाही. या पेटीचा मला अभिमान आहे, उगाच खोटं कशाला बोलू. "बिनबोभाट" हे नाव मुलांनीच पाडलं.

नाव पाडण्यावरून आठवलं. सहावीतल्या एका मुलीला मी वाळवी म्हणते. पुस्तकं आतून पोखरत जाते म्हणून. काटकुळी पोर, बोलणं हळू, पण एकदा गोष्ट सांगायला लागली की थांबत नाही. सध्या तिच्याकडे दीपगृहाचं जाडजूड पुस्तक आहे. दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी आणि तिचं बेट. आमच्याकडे त्याची एकच प्रत. ही रोज मधल्या सुट्टीत जिन्याखाली बसून वर्गातल्या मुलींना पुढचा भाग सांगते. आठ-दहा जणी डबा धरून ऐकत असतात, घास हातातच. मागच्या महिन्यात सहावीची मुक्कामी सहल गेली होती, तिथून ही पहिल्याच सकाळी ताप आला म्हणून परत आली म्हणे. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे ठणठणीत हजर. मी म्हटलं, "ताप पुस्तकाचा दिसतोय." ती हसली नाही.

१७ सप्टेंबर

सुचलं! कुत्र्याने चावलेला एक शब्दकोश पेटीत आला होता. मी प्रयोगशाळेतून पांढरा अंगरखा मागून आणला, गळ्यात मोजपट्टी अडकवली आणि म्हटलं, "पुस्तकांच्या दवाखान्यात स्वागत. रुग्णाचं वय पंधरा. तक्रार अशी की 'क'पासून 'ख'पर्यंत कुणीतरी खाल्लंय." मग पट्टी कशी लावायची ते दाखवलं.

एका दिवसात सहाशे जणांनी बघितलं. मोठ्या बाईंनी स्वतः येऊन पाठ थोपटली.

टाकण्याआधी क्षणभर मनात आलं, पेटीतलं पुस्तक असं चारचौघांत दाखवावं का? पण मी नाव कुठे घेतेय कुणाचं? पेटीवर "विचारणार नाही" लिहिलंय, "दाखवणार नाही" असं नाही. हा युक्तिवाद मला तेव्हा बरा वाटला. लिहिताना जरा वकिली वाटतोय.

२५ सप्टेंबर

दुसरा रुग्ण: मुखपृष्ठावर चहाचं गोल वर्तुळ. तिसरा: भूगोलाचं पुस्तक, ज्यातल्या प्रत्येक राजाला मिशा काढल्यात. ("भूगोलात राजे कुठून आले?" असं एकाने खाली विचारलं. चूक माझी, ते इतिहासाचं होतं. पण त्या चुकीवरही लोक हसले.)

कबूल करायला लाज वाटते, पण मी आता सकाळी उठल्यावर चूळ भरायच्या आधी आकडा बघते. काल रिक्षात बसल्याबसल्या बघत होते आणि घर मागे गेलं.

यांनी विचारलं, "त्या पोरांना वाईट नाही वाटत? त्यांची पुस्तकं ना ती?"

मी म्हटलं, "उलट मजा वाटते. तुम्ही 'छान' लिहा आणि गप्प बसा."

३ ऑक्टोबर

आज पेटीत खजिनाच सापडला. सकाळी झाकण उघडलं आणि सगळ्यात वर दीपगृहाचं पुस्तक! म्हणजे वाळवीचं. दुसरं कुणाचं असणार? मला गंमत वाटली, कारण ही पोर पुस्तक परत करताना माझ्या टेबलाशी पाव तास उभी राहून गोष्टीचा शेवट कसा चुकलाय ते सांगते. या वेळी गुपचूप पेटीत.

पुस्तक फुगून दुप्पट झालेलं. पानं लाटा आल्यासारखी. मधल्या काही पानांवर इस्त्रीचा तपकिरी डाग, चक्क टोकदार. कुणीतरी इस्त्री फिरवून वाळवायला गेलं होतं. आणि वास! मी नाकाशी नेलं आणि झटकन लांब धरलं. मांजर. शंकाच नाही.

संगणकावर परतीची नोंदसुद्धा केली नाही, आधी अंगरखा चढवला. उजेड छान होता. म्हटलं, "हे दीपगृहाचं पुस्तक आहे मंडळी. समुद्र पानांत आहे हे ठाऊक होतं, पण तो बाहेर येईल असं वाटलं नव्हतं!" मग कॅमेऱ्याकडे बघत पुस्तक हुंगलं, नाक दोन बोटांनी दाबलं, डोळे फिरवले. "आणि या समुद्रात एका मांजरानेही भर घातलेली दिसते!"

मला वाटतं, आतापर्यंतचा हा सगळ्यात चांगला झालाय. पोरीचं नाव अर्थातच घेतलं नाही. मी काय अशी तशी आहे?

५ ऑक्टोबर

अकरा हजार! लेकीने फोन केला, "आई, तू व्हायरल झालीस." मी नाक दाबतेय तेवढाच तुकडा कापून कुणीतरी स्टिकर केलंय. लेकीच्या कचेरीतले लोक तो एकमेकांना पाठवतात.

शाळेतल्या मुलांच्या कमेंट तर ढिगाने. "बाई, मांजर नाही हो, दुसरंच कोणीतरी." "या मांजराला दोन पाय आहेत." "सहलीला पण आलं होतं हे मांजर." मग हसून रडणारे चेहरे आणि पाण्याचे थेंब, ओळीच्या ओळी. पोरांचं डोकं कसं चालतं काही कळत नाही, पण चालतंय हे महत्त्वाचं. मी प्रत्येकाला हसरा चेहरा पाठवला.

आज सहावीच्या वर्गासमोरून गेले तर अर्धा वर्ग नाक दाबून हसत होता. मीही थांबून नाक दाबून दाखवलं. काय आरडाओरडा! इतकी वर्षं या मुलांनी मला बघून फक्त आवाज बंद केलेत. आयुष्यात पहिल्यांदा मी लोकप्रिय आहे.

८ ऑक्टोबर

वाळवी आली होती. शाळा सुटल्यावर, सगळे गेल्यावर. दाराशीच उभी.

"बाई, तो व्हिडिओ काढून टाकता येतो का?"

"कुठला गं?"

"दीपगृहाचा."

मला हसू आलं. "अगं वेडाबाई, तुझं नाव कुठे घेतलंय मी? आणि दंडबिंड काही नाही. मांजराने केलं त्याला तू काय करणार?"

ती काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "आमच्याकडे मांजर नाही."

"मग शेजाऱ्यांचं असेल," मी म्हटलं. "तू नवीन पुस्तक ने बघू. ध्रुवावरच्या मोहिमेचं आलंय, तुझ्यासाठी बाजूला ठेवलंय."

तिने पुस्तक घेतलं नाही. "घरी नको," म्हणाली. "इथे बसून वाचू का?" मी म्हटलं, आज नको, मला कुलूप लावायचंय. व्हिडिओसाठी यांच्याकडून जुनं टेबल रंगवून घ्यायचं होतं आणि रंगाचं दुकान बंद झालं असतं.

तिला दंडाची केवढी भीती! घरी ओरडत असतील.

१६ ऑक्टोबर

मोठ्या बाईंनी सांगितलं, संचालक खूश आहेत. खोली राहणार! वर दोन नवी कपाटंही. मी बाईंच्या खोलीतच रडले आणि त्याचीच लाज वाटून खोकल्याचं सोंग केलं.

एकच चुटपुट. वाळवी हल्ली येत नाही. जिन्याखालची बैठकही मोडली. तिथे आता दुसरीच एक मुलगी काहीतरी सांगत असते, भुताचं. काल वाळवीला पाण्याच्या टाकीमागे एकटी डबा खाताना पाहिलं. हाक मारली तर डबा झाकून उठून गेली. वर्गशिक्षिका म्हणाल्या, तिच्या बाकावर कुणी बसायला तयार नाही, मुलींची काहीतरी भांडणं झालीयत. या वयात व्हायचंच. वाचनाचं वेडही असंच एक दिवस सुटतं. मोठी होतेय पोर.

२२ ऑक्टोबर

लिहू की नको असं संध्याकाळपासून चाललंय. लिहिते.

दुपारी वाळवीची आई आली. कामावरून तशीच आलेली, दुकानाचा बिल्ला खांद्यावर. हातात फोन. मला वाटलं, व्हिडिओ आवडला म्हणून आल्या. मी हसून खुर्ची पुढे केली. हे लिहितानाही अंग आकसतंय.

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. नव्या संगणक प्रणालीचा आपोआप गेलेला निरोप होता: "आपल्या पाल्याने पुढील पुस्तक मुदतीत परत केलेले नाही." खाली दीपगृहाच्या पुस्तकाचं नाव. मी त्या दिवशी परतीची नोंद केलीच नव्हती. पुस्तक उचलून थेट कॅमेऱ्यापुढे गेले होते.

"मी तिला विचारलं, पुस्तक कुठाय," त्या म्हणाल्या. "म्हटलं, पेटीत टाकलं म्हणालीस ना? तर ती जी रडायला लागली. मग तिने मला तो तुमचा व्हिडिओ दाखवला."

मी म्हटलं, "अहो, मांजराचं काय एवढं..."

"मांजर नाही हो बाई." त्यांनी दाराकडे बघून घेतलं, आवाज खाली आणला. "तिला अजून झोपेत होतं. अंथरूण ओलं होतं. डॉक्टर म्हणालेत, जाईल वयाबरोबर, रागावू नका. सहलीला मी नको म्हणत होते, पण तिला जायचंच होतं. तिथेही झालं. आणि या महिन्याच्या सुरुवातीला एका रात्री घरी हे पुस्तक उशाशी घेऊन झोपली होती, ते अंगाखाली आलं. मी पुसलं, इस्त्री फिरवली. ती म्हणत होती, बाईंना काय सांगू, बाईंना काय सांगू. मीच म्हटलं, अगं तुमच्याकडे ती पेटी आहे ना. बाई काही विचारत नाहीत."

आणि मग सगळं मला एकदम दिसलं. दोन पायांचं मांजर. थेंब. सहल. सहावीच्या वर्गासमोर पोरं नाक दाबत होती ती माझ्याकडे बघून नव्हे. मी मधे आले होते इतकंच. आणि मी थांबले, हसले आणि त्यांच्यात सामील होऊन नाक दाबून दाखवलं. ती वर्गातच असणार. कुठल्या बाकावर होती तेही मी पाहिलं नाही.

एकच प्रत, आणि तीच रोज सगळ्यांना त्यातली गोष्ट सांगत होती. नाव घ्यायची गरजच काय होती?

यापुढचं लिहायला हात धजत नाही. मी त्या माउलीला म्हणाले, "मला खरंच माहीत नव्हतं हो, ते कुणाचं पुस्तक आहे."

त्यांचा चेहरा सैल पडला. "तेच मी तिला सांगते," त्या म्हणाल्या. "बाईंना माहीत असतं तर त्यांनी असं केलं नसतं."

त्यांनी माझे आभारही मानले.

२३ ऑक्टोबर

व्हिडिओ काढला. सगळा दवाखानाच काढून टाकला. काही उपयोग नाही. लेक म्हणाली, ज्यांनी उतरवून घेतलाय त्यांच्याकडे राहणार, स्टिकर तर फिरतच राहणार. "आई, आता ते तुझ्या हातात नाही." मग म्हणाली, "तुला माहीत नव्हतं ना पण."

मी "हो ना" म्हटलं. पोटच्या पोरीलाही.

मोठ्या बाईंना सांगितलं. वाईट त्यांनाही वाटलं, नाही असं नाही. मग म्हणाल्या, "तुम्ही माफीचा व्हिडिओ करा. मनापासून. लोकांना माणुसकी भावते. पानाचंही नुकसान होणार नाही."

घरी आल्यावर हे बाहेर गेले असताना केला. खरंच रडले, नाटक नव्हतं. नंतर लावून बघितला. रडण्याआधी मी चष्मा काढून बाजूला ठेवलाय. का काढला ते मला पक्कं आठवतं. चष्म्यावर खिडकीचा उजेड पडतो आणि डोळे दिसत नाहीत.

आरशात थुंकावंसं वाटलं. पुसून टाकला. आणि समजा टाकला असता, तरी काय? ज्यांना आजवर कळलं नव्हतं त्यांनाही कळलं असतं की माफी कुणाची मागतेय.

२८ ऑक्टोबर

मोठ्या बाई स्वतः सहावीच्या वर्गावर गेल्या आणि कुणी कुणाला शरीराच्या तक्रारीवरून चिडवायचं नाही यावर बोलल्या. वर्गशिक्षिका सांगत होत्या, बाई "शरीराच्या" म्हणाल्या आणि सगळ्या माना एकदम एकीकडे वळल्या. पोर दप्तरात काहीतरी शोधत राहिली, तास संपेपर्यंत.

आम्ही मोठी माणसं मदतीला धावलो की असं होतं.

यांना सगळं सांगितलं. यांनी मागे विचारलं होतं त्याची आठवण करून दिली असती, टोमणा मारला असता, तर बरं वाटलं असतं. यांनी उठून फोनमधून माझ्या पानावरचे स्वतःचे "छान" एकेक करून काढले. चष्मा कपाळावर चढवून, एका बोटाने. मला तिथे बसवेना.

पेटीत गेल्या आठवड्यापासून काहीही आलेलं नाही. रोज उघडते. मुलांनी फाटकी पुस्तकं घरी दडवायला सुरुवात केली असणार. खोली राहिली, कपाटं आली, आणि मी काय करून ठेवलं!

४ नोव्हेंबर

तिचा दाखला निघाला. तिच्या मावशीच्या घराजवळ दुसरी शाळा आहे, तिथे जाणार. शाळा सोडताना वाचनालयाची सही लागते, पुस्तक बाकी नाही म्हणून. हे मला ठाऊक होतं, तरी दारात दोघींना पाहिलं तेव्हा मला क्षणभर वाटलं, कपाटामागे लपावं.

आईने कागद पुढे ठेवला. संगणकावर तिचं नाव काढलं. बाकी काही नाही, नोंद मी परवाच दुरुस्त केली होती. सही केली, शिक्का मारला. शिक्का तिरका पडला. पोर खिडकीशी उभी होती, हात दप्तराच्या पट्ट्यांत. रोडावलीय.

मी उठून तिच्याजवळ गेले. रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडात येईना. "बाळ," मी म्हटलं, "मला तुझ्याशी..."

"बाई, एक विचारू?"

"विचार ना."

"ते पुस्तक माझं आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

तिची आई लगेच पुढे झाली. "अगं, किती वेळा सांगितलं तुला? बाईंना माहीत नव्हतं. हो की नाही हो बाई?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. आईला "नाही" ऐकायचं होतं. तेवढ्या एका गोष्टीवर तिने पोरीला हे दिवस कसेबसे शाळेत पाठवलं होतं. मी "नाही" म्हटलं असतं तर कुणीही मला खोटं पाडणार नव्हतं. मला वाटतं मी तोंडही उघडलं होतं त्यासाठी.

"माहीत होतं," मी म्हणाले. "पेटी उघडून पुस्तक पाहिलं तेव्हाच कळलं की तुझं. काय झालं होतं ते माहीत नव्हतं. पण तुझं आहे हे माहीत होतं. तुझ्या आईशी मी खोटं बोलले."

आईने टेबलावरचा कागद उचलला. त्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. माझ्याकडे बघितलं नाही.

पोरीने मान हलवली. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. मग, "आता तुम्ही माफी मागणार का?"

"हो. म्हणजे, त्यासाठीच..."

"नका मागू. मग मला असू दे म्हणावं लागतं."

आई म्हणाली, "असं बोलू नये मोठ्यांशी." पण आवाजात जोर नव्हता.

"बोलू दे तिला," मी म्हटलं. "नाही मागत. आणि तूही काही म्हणू नकोस."

"बरं," ती म्हणाली. खांद्यावरचं दप्तर नीट केलं. "मला नव्हतंच म्हणायचं."

आई पुढे निघाली. जाताना "येते" म्हणाली नाही. पोर मागून गेली आणि दार तिने आवाज न करता लावलं, वाचनालयाचं लावतात तसं.